वस्तऱ्याला ग्राइंडर दाखवू नका

प्रश्न : नमस्कार. आमच्या आजोबांचं सांगलीत गावभागात सलून होतं. त्यांचा वस्तरा एका पत्र्याच्या पेटीत होता, ती पेटी २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेली आणि नंतर घराची साफसफाई करताना कुणी उघडूनच बघितली नाही. आता काढला तर पातं सगळं तांबडं झालंय, सांध्यात गाळ वाळून बसलाय, नीट उघडत पण नाही. बुडाशी ‘सोलिंगन जर्मनी’ एवढं वाचता येतं. ओळखीतला एक जण म्हणतो ग्राइंडरवर बफ मारून देतो, दहा मिनिटात चकाचक. देऊ का? वडिलांची फार इच्छा आहे की त्यानं एकदा तरी दाढी करावी.
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : देऊ नका दादा, अजिबात देऊ नका. मी सुरुवातीला जुन्या बाजारातनं घेतलेला एक वस्तरा असाच बफवर दिला होता, परत आला तेव्हा आरशासारखा होता पण धारेजवळ निळसर झाक दिसत होती, आणि ती झाक म्हणजे पोलादाचं पाणी उतरलेलं. निळा रंग येतो तो साधारण ३०० डिग्रीला, आणि वस्तऱ्याचं पोलाद २०० च्या पुढं गेलं की कडकपणा सोडायला लागतं. धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं, तिथं उष्णता जायला जागाच नाही, दोन सेकंदात काम बिघडतं. त्या वस्तऱ्याला नंतर किती वेळा धार लावली, दोन दाढीत बसायची. तो परत कधीच उभा राहिला नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या मिरजेचंच बघा, सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई करणारी, फरीदसाहेब शिकलगारांनी १९ व्या शतकात वाद्यांचं काम हातात घेतलं. त्या हातांना माहीत होतं की पोलाद तापू द्यायचं नाही. आपणही तसंच करायचं, हातानं, आणि रविवार दोन-तीन जातील असं धरून चालायचं.

पहिल्यांदा धारेवर इलेक्ट्रिकची टेप लावा, गंजलेल्या वस्तऱ्यानं कापलं तर जखम वाईट होते (धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर उत्तमच). कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन गाळ काढा. सांध्यातला गाळ ब्रशनं निघत नाही, तिथं जाड सुती दोरा तेलात भिजवून मुठीच्या दोन बाजूंच्या मधनं पुढं-मागं ओढा, काळा-तांबडा चिखल बाहेर येत राहील, दोरा स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. जबरदस्तीनं उघडायचं नाही. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सांध्यात सोडून रात्रभर ठेवा, सकाळी बहुतेक आपोआप सुटतो.

मग गंज. पात्यावर तेल लावून वॉटर पेपर घ्यायचा, गंज जाड असेल तर ४०० नंबर, नाहीतर सरळ ६०० पासून, मग ८००, १०००, २०००. पेपर बोटानं धरू नका, बाटलीच्या बुचाला गुंडाळा, आणि पातं लाकडी फळीच्या कडेवर आडवं टेकवूनच घासा कारण दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं पातं हवेत धरून दाबलं तर चिरतं. घासायचं बुडापासून टोकापर्यंत एकाच दिशेनं, गोल गोल नाही. पुढच्या नंबरवर जायच्या आधी मागच्याचे ओरखडे गेलेत का ते उन्हात तिरकं धरून बघा, ही घाई बहुतेक जण करतात आणि शेवटी पॉलिश केल्यावर जुने ओरखडे सगळे वर दिसतात.

तांबडा गंज निघून जाईल, काळे ठिपके राहतील. ते ठिपके म्हणजे पोलादात पडलेले खड्डे. पात्याच्या अंगावर असले तर राहू द्या, ते काढायच्या नादात पातंच संपतं, आणि माझ्या मते पुरातनं वाचलेल्या वस्तऱ्यावर ती खूण असलेलीच बरी. प्रश्न फक्त धारेवरच्या ठिपक्यांचा. सोनाराचं १० पटीचं भिंग मिळतंय का बघा (विटा-खानापूर भागात नातेवाईक असतील तर कुणी ना कुणी गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, निघतोच) आणि धार नीट तपासा. ठिपका धारेला भिडला असेल तर तिथं पोलाद चुरा होऊन सुटतं, मग दगडावर तेवढी धार मागं न्यावी लागते. बुडाजवळची अक्षरं आणि पात्यावर सोनेरी नक्षी असली तर तिथं पेपरही नाही आणि ब्रासोही नाही, नक्षी एका पुसण्यात जाते.

आता धार. विळा-खुरप्याचा दगड याला चालत नाही, फार खरबरीत. १०००, ४००० आणि ८००० चे पाण्यातले दगड लागतात. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या, पाठीच्या जाडीवरनंच कोन मिळतो, आपण वेगळा धरायचा नसतो. धार पुढं करून न्यायचा, टोकाला पोचला की पाठीवरनं पलटायचा, धारेवरनं कधीच नाही. दाब म्हणाल तर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन तेवढा. त्यानंतर चामड्याचा पट्टा, तिथं उलटं, पाठ पुढं आणि धार मागं, ४०-५० वेळा. आजोबा गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर पट्ट्यावर मारायचे तो सपसप आवाज वडिलांना नक्की आठवत असेल, पट्ट्याचं काम त्यांनाच करू द्या, हात विसरलेला नसतो.

वय विचारलं नाहीत पण सांगतो, ‘सोलिंगन’ हे वस्तरे बनवणारं जर्मनीतलं शहर, नुसत्या त्या नावावरनं वर्ष कळत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेलं असतं तर १९४९ ते १९९० मधला म्हणता आलं असतं.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या वस्तऱ्याचं पातं चांगलंय, पण मुठीत जिथं बसतं तेवढाच भाग परत परत गंजतो. पुसून तेल लावून ठेवलं तरी महिन्यात तसंच. मुठीला कापरासारखा वास येतो आणि बारीक चिरा पडल्यात.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, कापराचा वास आला म्हणजे मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची आहे, त्यात कापूर घातलेलाच असतो. ते जुनं झालं की सडतं आणि त्यातनं आम्लाची वाफ सुटते, ती पातं खाते. तुमच्या तेलाची चूक नाही. सडायला लागलेली मूठ बरी होत नाही, काढावीच लागते, आणि दुसरे वस्तरे असतील तर त्यांच्याशेजारी ठेवू नका. विस्तवापासून लांब, सेल्युलॉइड भसकन पेटतं, तापलेली सुई लावून ‘बघू काय आहे ते’ असा प्रयोग चुकूनही नको. पितळी रिवेटचं डोकं बारीक कानसीनं घासून खिळा हळूच ठोकून बाहेर काढा, मूठ मोकळी होईल. नवीन मूठ शिसवीची करून घ्या, चांगला सुतार असला की जमतं, दीड मिलिमीटरची पितळी तार आणि दोन्हीकडं वॉशर, हलक्या हातोडीनं टकटक करत डोकं बसवायचं. एकदम ठोकलं तर लाकूड फुटतं.

प्रश्न : जुन्या वस्तऱ्यानं दाढी करणं सेफ आहे का? आणि पावसाळ्यात ठेवायचा कसा?
— एक वाचक, कराड

उत्तर : एकट्यानं वापरायचा असेल तर हो. घरात दोघांत एक नको, हिपॅटायटिस बी रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातनंही पसरतो, म्हणूनच सलूनमध्ये आता प्रत्येक गिऱ्हाईकाला नवीन ब्लेड लावतात. आधी स्पिरिटनं पुसून घ्या, उकळत्या पाण्यात टाकू नका, शिंगाची मूठ वाकडी होते. दाढी झाली की धुवा, टिश्यूनं पाठीकडनं धारेकडं पुसा, पट्ट्यावर चार हात मारा आणि उघडाच तासभर वाळू द्या. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, ते ओल धरतं. तेलाचा पातळ हात देऊन सुती कापडात गुंडाळा आणि बुटांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी डब्यात टाका, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.