मधुमेहात डोळे टिकवायला काय खावं? गाजराच्या रसाने फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंना 11 वर्षांपासून मधुमेह आहे, परवाच्या तपासणीत डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) मधुमेहाच्या सुरुवातीच्या खुणा सापडल्या आणि तेव्हापासून घरात रोज गाजर-आवळ्याचा रस सुरू झालाय. त्याने डोळे सुधारतील का, हा तुमचा प्रश्न.

रसाने पडदा सुधारत नाही. हे आधीच सांगते, कारण मी स्वतः जवळजवळ वर्षभर तो रस प्यायले आहे.

मी परळला राहते, लालबागला माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. मधुमेह 2011 पासून. 2019 मध्ये नजर धूसर व्हायला लागली. सकाळी सुई चटकन ओवता यायची, संध्याकाळी दोरा दिसायचा नाही. चष्म्याच्या दुकानात तीन महिन्यांत दोनदा नंबर बदलून दिला, पण शुगर किती आहे हे कुणी विचारलं नाही. शुगर वर-खाली होत असली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि ओसरतं, त्यामुळे नंबर बदलल्यासारखा वाटतो. म्हणून शुगर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय आईंना नवा चष्मा करू नका.

मग गणपतीच्या आधीची गर्दी. अस्तरावर खडूने रेघ ओढली, तर ती मधेच वाकलेली दिसली. लोखंडी पट्टी लावून बघितली, पट्टीसुद्धा वाकलेली. उजवा डोळा हाताने झाकला आणि सगळं सरळ झालं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आली होती. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे HbA1c, 9.8 टक्के निघाली. त्या डोळ्यात पुढे इंजेक्शनं घ्यावी लागली.

तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं ते असं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात, जागोजागी फुगवटे येतात, त्यातून पाणी आणि चरबी झिरपते. काही वाहिन्या बंदच पडतात. गाजरातून मिळतं ते अ जीवनसत्त्व. ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, पण झिरपणारी वाहिनी त्याने बुजत नाही. शिवाय एका पेल्याला पाच-सहा गाजरं लागतात, चोथा आपण टाकतो आणि साखर पितो. गाजर कोशिंबिरीत खुशाल खाऊ द्या. आवळाही चावून खाऊ द्या.

मग खायचं काय? डोळ्यांसाठी वेगळं ताट नसतं. शुगर आणि ब्लडप्रेशर ज्या ताटाने ताब्यात राहतं, तेच डोळ्यांचं ताट. अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 पर्यंत टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते आणि ज्यांनी शुगर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. आईंसारख्या टाइप 2 रुग्णांचा मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, तो 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात ब्लडप्रेशर नीट आवरल्याने पडदा आणखी बिघडण्याचा धोका 34 टक्क्यांनी घटला. या दुसऱ्या आकड्याकडे आपल्या घरांत कुणी बघतच नाही. सगळं लक्ष साखरेवर, आणि ताटात पापड, लोणचं, वर मीठ.

माझ्या घरी जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट आणि सुके बोंबील ठरलेले. मला ते जिवापाड आवडतात, पण त्यात मीठ भरपूर असतं. आता महिन्यातून एखाद वेळी, पाण्यात भिजवून, पाणी टाकून. बाकी वर्षभर ताजा बांगडा, तव्यावर कमी तेलात. दिवसभराचं मीठ सगळं धरून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा.

सगळ्यात जास्त फरक मला दोन गोष्टींनी पडला. पहिली, दुकानातला चहा. दिवसाला सहा कटिंग, सगळे साखरेचे, सोबत खारी. आता दोनच, बिनसाखरेचे. पहिला आठवडा फार जड गेला. दुसरी गोष्ट जेवणाच्या क्रमाची. आमच्याकडे पान वाढलं की आधी वरणभात. मी तो शेवटी नेला. आधी कोशिंबीर, मग मटकीची किंवा वालाची उसळ आणि पालेभाजी, लाल माठ, मेथी, शेपू, बाजारात जे दिसेल ते, एक भाकरी, आणि शेवटी छोटी वाटी भात. जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मशीनवर बघितलं, तर तेवढ्याच भाताला आकडा कमी येत होता. नाचणी चांगली म्हणून तिचं सत्त्व पातळ करून प्यायचे, त्याने माझी शुगर चढायची. भाकरीने तेवढी चढत नाही. आईंचं शरीर वेगळं असेल, म्हणून महिनाभर त्यांचे आकडे वहीत लिहा. तीच वही डॉक्टरांना दाखवा.

उपवासाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. संकष्टीला दिवसभर साबुदाणा, आणि चंद्रोदय होईपर्यंत जेवण नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर गोळीची वेळ चुकली की शुगर एकदा आकाशाला आणि एकदा पाताळात. मी उपवास ठेवलाय, साबुदाणा सोडलाय: काकडी, ताक, थोडे दाणे, राजगिऱ्याची भाकरी. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवल्या.

आता एक फार महत्त्वाचं. घाबरून आईंचा भात-पोळी एका दिवसात बंद करू नका. मी तेच ठरवलं होतं आणि डॉक्टरांनी थांबवलं. पडद्यावर आधीच खुणा असताना, खूप चढलेली शुगर झपाट्याने खाली आणली तर काही जणांचा पडदा सुरुवातीला थोडा बिघडतो. याचा अर्थ शुगर चढीच ठेवायची असा नाही. ती बेताबेताने उतरवायची आणि त्या काळात पडदा जास्त वेळा तपासून घ्यायचा. माझी 9.8 वरून 7.1 वर यायला वर्ष लागलं. आईंच्या लघवीतलं प्रथिनही तपासून घ्या. डोळे आणि मूत्रपिंड बरेचदा बरोबरच बिघडतात, आणि तसं असेल तर उसळी, डाळी, फळं यांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आणि कितीही चांगलं खाल्लं तरी पडद्याची तपासणी चुकवायची नाही. वर्षातून एकदा तरी, आणि खुणा दिसल्यात तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. थेंब घालून बाहुली मोठी करतात, पुढचे चार-सहा तास उजेड सहन होत नाही. त्या दिवशी आईंना एकटीने लोकलने पाठवू नका. काळा गॉगल आणि सोबत कुणीतरी हवं.

तपासणीच्या मधल्या काळासाठी मी एक करते. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्या चौकटींकडे रोज सकाळी चष्मा लावून एकेक डोळा झाकून बघते. आईंनाही शिकवा. एखादी रेघ वाकडी दिसली, मधे डाग आला किंवा डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके तरंगायला लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.