किशोरवयीन फुटबॉलपटू यश कशाला मानतात?

मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी १९८०च्या दशकात मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो: काही मुलांना कालच्यापेक्षा आज आपला खेळ सुधारला की यश मिळाले असे वाटते, तर काहींना इतरांपेक्षा सरस ठरणे हेच यश वाटते, बहुतेकांत दोन्ही वृत्ती कमीअधिक प्रमाणात असतात. कोल्हापुरात पेठांमधल्या तालमींच्या फुटबॉल संघांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर उतरते, तेव्हा दुसरी वृत्ती बळावणे स्वाभाविकच आहे. मात्र केवळ तुलनेवर जगणारा मुलगा पराभवाने लवकर खचतो. भिंतीवर चेंडू मारत डाव्या पायाचा पास एकट्याने घोटणारा मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर दिसतो. म्हणूनच प्रशिक्षकाने ‘किती गोल केलेस?’ याआधी ‘आज नवीन काय जमले?’ असे विचारावे, असे मला मनापासून वाटते.