जिवंत करंडक काय बोलेल?

तुमची लीग हौशी बॉक्स क्रिकेटची, संघांची नावं आणि पोशाख जुन्या विज्ञानपटांच्या थाटातले. त्यात बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या ट्रॉफीची गोष्ट लिहायची आहे आणि तिला स्वभाव कसा द्यावा, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न मला फार आवडला.

सगळ्यात आधी ती ट्रॉफी आहे की तो करंडक, हे ठरवा. मराठीत ती 'मी पडले' म्हणेल, तो 'मी पडलो'. पहिल्याच वाक्यात हे ठरून जातं. मी तरी करंडकच घेईन. कुंकवाच्या करंड्याच्या घरातला शब्द आहे तो, पोटात काहीतरी जपून ठेवणारा.

पण विजेत्यांची यादी त्याच्या तोंडी घालू नका. त्याने काय भोगलं ते आठवू द्या. फुटबॉल विश्वचषकाचा जुना ज्युल्स रिमे करंडक घ्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या ओत्तोरिनो बारासी यांनी तो बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवला. 1966 मध्ये लंडनच्या प्रदर्शनातून तो चोरीला गेला आणि आठवड्याभराने पिकल्स नावाच्या कुत्र्याला कुंपणाच्या झुडपाखाली सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पुढे 1983 मध्ये रिओमधून पुन्हा चोरी झाली. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. याला वाचा फुटली असती तर अंतिम सामन्यांच्या आधी तो पलंगाखालच्या अंधाराबद्दल बोलला असता. नाही का?

आमच्या सोसायटीचा फिरता करंडक एक वर्ष माझ्या घरी होता. दिवाळीच्या आवराआवरीत चिंच लावून घासायला घेतला. एका कानाच्या सांध्यावर एम-सील थापलेलं होतं. उलटा केला तर बुडाशी कर्कटकाने खरवडलेली चार आद्याक्षरं. त्या वर्षी हरलेल्या संघातल्या पोरांची! बाहेरच्या पट्टीवर फक्त जिंकलेल्यांची नावं. मी बूड घासलं नाही, तसंच ठेवलं. तुमच्या करंडकाला अशी एखादी जागा द्या. तिथे कुणी बोट ठेवलं की त्याचा आवाज बदलतो.

जुन्या काळातलं भविष्य दाखवायचं तर स्क्रीन वगैरे नको, व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत बोलायचा नाही. काही रेडिओंना हिरवा 'मॅजिक आय' असायचा. स्टेशन नीट लागलं की त्यातली काळी फट मिटत यायची. करंडकाच्या कपाळावर तो डोळा बसवा. समोरचा माणूस मनापासून बोलतोय हे त्या फटीवरून कळेल.

आणि त्याला नकाराचा अधिकार द्याच. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता. केवढी चर्चा झाली होती तेव्हा! तिथे निर्णय परीक्षकांचा होता, तुमच्या गोष्टीत तो करंडकाचा स्वतःचा असू दे. बक्षीस समारंभ, चंदेरी पोशाखातला कॅप्टन हात पुढे करतो, टाळ्या सुरू होतात, आणि हिरव्या डोळ्यातली फट काही मिटत नाही. मी गोष्ट इथूनच सुरू केली असती.