आधी विचार, हे शरीर कुणाचं?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इन्सुलिनचा डोस सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणी अहवालावर तुझी सही हवीय, साहेब म्हणतात 'नुसती फॉर्मॅलिटी', आणि तू मला विचारतेस, उद्या काही झालं तर कायद्यानं जबाबदार कोण? तो दुसरा प्रश्न. पहिला तू विचारलाच नाहीस. हे मॉडेल, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं शरीराचं गणित, कुणाच्या शरीरावरून बेतलंय?

सिम्युलेशनला, म्हणजे संगणकातल्या आभासी रुग्णांवर चाचणी करायला, माझा विरोध नाही. साहेबांनी दाखला दिलाय तो खराच आहे. व्हर्जिनिया आणि पादोव्हा विद्यापीठांच्या टाइप-1 मधुमेहाच्या सिम्युलेटरला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-नियामकानं, 2008 मध्ये मान्यता दिली. कृत्रिम स्वादुपिंडाच्या कामात प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी तो चालू लागला. त्यात 300 आभासी रुग्ण : 100 प्रौढ, 100 किशोरवयीन, 100 मुलं. कितीतरी कुत्री वाचली, काम झपाट्यानं पुढे गेलं. पण त्या तीनशेंत मावळातलं कुणी आहे का, हे साहेबांनी विचारलं?

पुण्यात शिकून हे तुला सुचू नये, याचा मला राग येतो. आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला 2004 चा फोटो आठव. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तोच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. ज्या मॉडेलला फक्त बीएमआय कळतो, त्याच्या लेखी ही दोन माणसं एकच.

आणि यात कुणी लबाड असावं लागत नाही. अमेरिकेतल्या एका अल्गोरिदमवर 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात लेख आला. आजार किती गंभीर हे ठरवायला त्यात उपचाराचा खर्च धरला होता. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी व्हायचा, म्हणून जास्त आजारी असूनही ते तुलनेनं निरोगी ठरत. आता तुमच्या डेटाकडे बघ. रोजगार बुडतो म्हणून सरकारी ओपीडीत फेरतपासणीला न आलेला माणूस तुमच्याकडे 'बरा झाला' म्हणून तर नोंदला जात नाही ना?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. रोगनिदान-उपचारासाठीचं सॉफ्टवेअर 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांत मोडतं, तेव्हा 'आम्ही फक्त ॲप बनवतो' हे विसरा. पैसे मोजणारा रुग्ण ग्राहक असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगितलंय. तो ग्राहक आयोगात गेला की डॉक्टर कंपनीकडे बोट दाखवणार, कंपनी अटींच्या बारीक अक्षरांकडे, आणि फाइल उघडल्यावर सही तुझी. समीरा कोहली खटल्यात (2008) त्याच न्यायालयानं म्हटलं, तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. मग साखर तपासायला रक्त दिलेल्या बाईची संमती तुमचं मॉडेल घडवायला पुरते का? माझ्या मते नाही. तिथंही प्रश्न तोच, शरीर कुणाचं?

मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर होतो. दर बैठकीत हेच विचारायचो. 'आले खोडा घालणारे' असं कानावर यायचं. पुढच्या मुदतीला माझं नाव गळलं, आणि ज्यानं ते गाळलं तो माझा कॉलेजपासूनचा मित्र. आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही, हे अजून सलतं. मी आवाज चढवायचो म्हणतात. चढवायचो. हळू आवाजात विचारलेलं इतिवृत्तात कोण घेतं? आज ती बैठक भरली तरी मी तेच विचारीन.

तेव्हा राजीनाम्याची भाषा बंद कर. तू गेलीस तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा डोळे मिटून सही करील. सही कर, पण तिच्या वर लिही : किती रुग्णांचा डेटा, कुठल्या गावचा, कुठल्या वयाचा, कुणाला वगळलं. गरोदर बायका, मूत्रपिंडाचे रुग्ण, उपाशीपोटी कामावर जाणारे, यांच्यावर तपासलेलं नसेल तर 'तपासलेलं नाही' असं सरळ लिही. साहेब त्या ओळी काढायला सांगतील. तोंडी ऐकू नकोस, ईमेलवर माग. आणि मसुदा त्यांच्याआधी मला पाठव.

तुझा,
काका