अहिंसक संवादाचा सराव-गट प्रशिक्षकाशिवाय सुरू करता येतो का?

तुमच्याकडे चार-पाच जण तयार आहेत, प्रशिक्षक कुणीच नाही, आणि पहिल्या बैठकीत काय घ्यावं असं तुम्ही विचारलंय. बेलाशक सुरू करा. अहिंसक संवाद म्हणजे आरोप न करता आपली भावना आणि गरज सांगायची, दुसऱ्याचीही ऐकायची पद्धत. ती मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली संस्था प्रशिक्षकांना प्रमाणपत्रं देते, पण आपसात सराव करायला कुणाची परवानगी लागत नाही. गट बुडतो तो प्रशिक्षक नसल्याने नाही, सगळ्यांना तपासत बसणारा मास्तर असल्याने.

आमचा गट मी आणि एका मित्राने सुरू केला होता. तिसऱ्या बैठकीत एक ताई पहिल्यांदाच बोलल्या. भावाशी त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. म्हणाल्या, "मला वाटतं, घरात माझी कुणाला किंमतच नाही." मित्राने तिथेच अडवलं: "ही भावना नाही, विचार आहे. भावना सांगा." त्या गोंधळल्या. "मला डावलल्यासारखं वाटतं." "हाही आरोपच झाला." मग त्या "बरं" म्हणाल्या आणि उरलेला वेळ गप्प बसल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. मीही तेव्हा काही बोललो नाही, ते अजून बोचतं.

अहिंसक संवादाच्या निरीक्षण, भावना, गरज, विनंती या चार पायऱ्यांच्या चौकटीत मित्र बरोबरच होता. 'डावललं' म्हटलं की समोरच्याने काय केलं ते कळतं, आपल्याला काय होतंय ते नाही. पण मराठीत 'वाईट वाटतं' आणि 'तू चुकलास असं वाटतं' या दोन्हींना क्रियापद एकच. माणूस अडखळणारच. अशा वेळी चूक दाखवू नका, अंदाज करून विचारा: "दुःख होतंय का? घरात आपलंही ऐकलं जावं असं हवंय का?" अंदाज चुकला तर समोरचा स्वतःच सांगतो, "नाही, राग येतोय." तिथून बोलणं सुरू होतं.

मित्र आजही म्हणतो, शिस्त नसेल तर तो सराव नव्हे, गप्पा. मला हे मुळीच पटत नाही. ज्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा रोझेनबर्ग यांच्यावर प्रभाव होता, त्यांचा मोठा भर समजून घेत ऐकण्यावर होता. माणूस उठून गेल्यावर अचूक शब्द घेऊन काय करायचं?

तर पहिल्या दिवशी जोड्या करा. एकाने दहा मिनिटं एखादा छोटा पण खरा प्रसंग सांगायचा. दुसऱ्याने ऐकायचं, सल्ला नाही, 'माझंही असंच झालं होतं' नाही. शेवटी भावनेचा आणि गरजेचा एक अंदाज, मग अदलाबदल. शब्दांची चिकित्सा सांगणाऱ्याने मागितली तरच. बैठक चालवणारा दर वेळी बदला. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, हे आधीच ठरवा.

एक राहिलंच. गट म्हणजे उपचार नव्हे. कुणी जीव नकोसा झालाय म्हणालं किंवा घरात मारहाण होते असं सांगितलं, तर सराव थांबवा आणि जाणकारांची मदत मिळेपर्यंत सोबत राहा.

आणि कुणी यायचं थांबलं, तर त्याच आठवड्यात फोन करा. मी त्या ताईंना केला तो तीन महिन्यांनी.