चेन नवी टाकली तरी सटकते! – एमटीबी बदलण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) १२ वर्षांची झाली. पुढे शॉकर, दोन्हीकडे व्ही-ब्रेक, २१ गिअर. मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन २६ किलोमीटर होतात, मागे कॅरियरवर बॅग असते. रविवारी झिल्पीकडच्या मुरमाच्या वाटा. उभं राहून पॅडल मारलं की चेन सटकायची, म्हणून मेकॅनिकने नवी चेन टाकली, तर आणखीच सटकायला लागली. शॉकर जाम आहे, मागचं चाक आऊट आहे. आता फ्रीव्हील (मागचं दातांचं चक्र), शॉकर, मागचं चाक आणि डिस्क ब्रेक असा मिळून तो १४ हजारांचा खर्च सांगतोय. करावा, की ४५ हजारांपर्यंत नवी घ्यावी? उंची १६८ सेंमी, मांडीपासून टाचेपर्यंत ७८ सेंमी, वजन ७८ किलो.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आधी चेनचं कोडं सोडवू. चेन वापराने लांब होते. प्लेटा ताणल्या जातात म्हणून नव्हे, तर पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजतात म्हणून. लांब झालेली चेन फ्रीव्हीलचे दात आपल्या मापाने कोरत राहते. दोघं एकत्र झिजल्यामुळे बरेच दिवस तक्रार येत नाही. मग नवी चेन आली की तिचं माप झिजलेल्या दातांशी जुळत नाही. जोर दिला की ती दातावर चढते आणि सटकते. मेकॅनिकने चेन चुकीची टाकलेली नाही, चेनसोबत फ्रीव्हील बदललं नाही एवढंच.

यापुढे हे घरीच तपासता येईल. स्टीलची पट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून २४ जोड मोजा. नव्या चेनची २४वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. मागे ७, ८ किंवा ९ गिअर (२१ गिअर म्हणजे मागे ७) असतील तर ती २ मिलिमीटरच्या पुढे गेली की चेन बदला. मागचे दात तोवर बहुतेक वाचलेले असतात. ३ मिलिमीटरच्या पुढे गेली तर दोन्ही बदलावं लागतं. मागे ११-१२ गिअर असलेल्या बारीक चेनला दीड मिलिमीटर ही हद्द.

आता त्या १४ हजारांकडे येऊ. फ्रीव्हील बदलणं ठीक, तो खर्च मामुली आहे. पुढचं मात्र एकेक करून बघा.

मागचं चाक काढा आणि अ‍ॅक्सल बोटांनी फिरवा. त्याची टोकं गोल फिरताना डगमगत असतील तर अ‍ॅक्सल वाकलेला आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) हे होतंच, कारण उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, मध्याकडे सरकलेले असतात आणि अ‍ॅक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. ७८ किलोचा माणूस, त्यावर कॅरियरची बॅग, वाटेत सिमेंट रोड आणि कडेच्या गट्टूंमधली पायरी. तो वाकणारच. कॅसेटच्या, म्हणजे दातांच्या चकत्या सरकवून बसवलेल्या, हबमध्ये छर्रे अगदी टोकाशी असतात, म्हणून तो दुखणं देत नाही. त्याच जातीचं नवं चाक घेतलंत तर दोन वर्षांत हीच कथा.

मग रिम बघा. व्ही-ब्रेकचे रबर जिथे घासतात त्या पट्ट्यावर तीच स्टीलची पट्टी आडवी धरा आणि उजेडाकडे करा. मध्ये उजेडाची फट दिसली तर रिम खोलगट झाली आहे. अशा रिममध्ये पूर्ण हवा भरली की कधीतरी तिची कड फाटते. आऊट काढून हा दोष जात नाही.

शॉकर आणि डिस्क ब्रेक तर या सायकलवर घालूच नका. २६ इंचांचा बरा शॉकरचा फोर्क आता बाजारात शोधत फिरावं लागतं. आणि व्ही-ब्रेकच्या फ्रेमवर मागे डिस्कचा कॅलिपर धरायला जागाच नसते. जोडपट्ट्या मिळतात, पण ब्रेक दाबल्यावर येणारा जोर त्या बारीक नळीवर पडतो, आणि ती नळी त्यासाठी बनवलेली नाही. म्हणून ऑफिससाठी तात्पुरतं फ्रीव्हील आणि साधं जुनं चालतं चाक लावा, आणि नवी सायकल घ्या.

नवी कोणती? दोन्हीकडे शॉकर असलेली घेऊ नका. या किमतीत मागचा शॉक म्हणजे वजन आणि झुलणं. प्रत्येक पॅडलला थोडी ताकद त्या स्प्रिंगमध्येच जिरते. फक्त पुढे शॉकर असलेली, म्हणजे हार्डटेल, घ्या. चाक २९ इंच. तुमच्या उंचीला मध्यम फ्रेम येते आणि त्यात २९ व्यवस्थित बसतं. रोजच्या रस्त्यासाठी याचा एक फायदा दुकानदार सहसा सांगत नाहीत. २९ची रिम आणि रोड सायकलींची ७०० सीची रिम एकच, दोन्हींचा व्यास ६२२ मिलिमीटर. म्हणजे आठवडाभर ७०० बाय ४०चे गुळगुळीत टायर आणि झिल्पीला जाताना २.२५चे खडबडीत, असं एकाच चाकावर करता येतं. त्यासाठी रिमची आतली रुंदी २३ ते २५ मिलिमीटर असावी.

पैसे कुठे घालायचे, याचा आमचा क्रम असा : ब्रेक, मग मागचा हब, मग गिअर, फोर्क सगळ्यात शेवटी. जाहिरातीत हे उलटं असतं. नागपूरच्या आसपास सेमिनरी हिल्ससारखे छोटे चढ आहेत, दगडधोंड्यांचे कडे नाहीत. १०० मिलिमीटरचा साधा स्प्रिंगचा फोर्क पुरतो, फक्त त्याच्या आतल्या नळ्या ३० मिलिमीटर किंवा जाड असाव्यात आणि वर लॉकआउट, म्हणजे शॉकर बंद करायची कळ, असावं. दुकानातच तपासा. नळीवर प्लास्टिकची झिपटाय सैलसर बांधा, खाली सरकवा, सावकाश सायकलवर बसा आणि उतरा. ती १५ ते २० मिलिमीटर वर सरकली पाहिजे. १०च्या आत थांबली तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. मग तो फोर्क नुसती शोभा.

ब्रेक हायड्रॉलिकच घ्या. शिमानोचे एमटी-२०० या पट्ट्यात बऱ्याच सायकलींवर येतात आणि चांगले चालतात. त्यांच्यासोबत बहुतेकदा येणाऱ्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फक्त रेझिनचे पॅड चालतात असं कोरलेलं असतं. धातूचे पॅड घातले तर रोटर खरवडून निघतो. नव्या ब्रेकला पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर बसवून घ्यावं लागतं. २५च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, एकेका ब्रेकने वीसेक वेळा. हे न केल्यामुळेच बहुतेक जण ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून परत येतात. आणि चेनला स्प्रे मारू नका. स्प्रेचे उडालेले तुषार रोटरवर बसले की पॅड वाया जातात. थेंब थेंब तेल सोडा, पाच मिनिटांनी फडक्याने पुसा.

गिअरला पुढे एकच चेनव्हील असलेली घ्यावी, असं आम्ही ठामपणे म्हणू, आणि कारण आपली काळी माती. शहराच्या पश्चिमेला काळ्या पाषाणाची जी माती आहे ती जुलैत चाकाला चिकटून फ्रेममध्ये गच्च बसते. पुढचं डिरेलर (चेन सरकवणारा भाग) असलं की ती तिथे आणखी साठते. ३२ दातांचं चेनव्हील आणि मागे ११ ते ४६ची कॅसेट असेल तर सर्वांत हलका गिअर ०.७०चा पडतो, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचा ०.७० फेरा, कॅरियरसह चढायला पुरे. सर्वांत जड गिअरमध्ये मिनिटाला ९० पॅडल मारले की २९च्या चाकावर ताशी ३६ किलोमीटर होतात. हिंगणा रोडच्या सकाळच्या गर्दीत याहून जास्त हवेत कुणाला? मात्र शिमानोची क्यूज मालिका घेतली तर लक्षात ठेवा, तिचे शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट शिमानोच्याच जुन्या अल्टस-एसेरा मालिकांशी जुळत नाहीत. घरात पडलेले जुने सुटे भाग चालणार नाहीत.

फ्रेमवर चार गोष्टी बघा. हँडलखालची नळी खाली जाड होत जाणारी, म्हणजे टेपर्ड असावी, त्यामुळे पुढे चांगला फोर्क घालता येतो. बीबीला (क्रँकचा अक्ष ज्यात फिरतो त्या भागाला) चुड्या असाव्यात, ठोकून बसवलेली नको. कॅरियरची भोकं असावीत, तुम्हाला ती रोज लागणार. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी बोट जाईल इतकी फट असावी. आणि एक जादा डिरेलर हँगर, म्हणजे मागचं डिरेलर ज्याला अडकवतात तो तुकडा, त्याच दिवशी त्याच दुकानातून घ्या. तो जवळपास प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो. चिखलात चाक जाम झालं असताना जोर मारला की पहिल्यांदा तोच तुटतो, आणि तीन वर्षांनी तो शोधायला निघालात की सायकल महिनाभर भिंतीला. जाम झालं की उतरा, काडीने माती काढा.

माप असं ठरवा. सीटची उंची बीबीच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत तुमच्या ७८ला ०.८८३ने गुणून, म्हणजे सुमारे ६९ सेंमी. फ्रेमची वरची नळी दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर वर किमान ५ सेंमी मोकळे राहिले पाहिजेत.

बिल करताना जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवर १२ऐवजी ५ टक्के आहे.

प्रश्न : कॉलेजसाठी १२ हजारांत ४ इंची टायरची फॅट बाइक मिळतेय, २१ गिअर, डिस्क ब्रेक. की त्याच पैशात जुनी पण कंपनीची एमटीबी घेऊ?
– सदर

उत्तर : जुनी घ्या. ४ इंची टायर वाळूसाठी आणि बर्फासाठी आहेत. सदरहून धरमपेठेत जाताना ते नुसते ओढत न्यावे लागतात. जुनी घेताना मूळ बिल मागा आणि बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर त्याच्याशी जुळवा. नंबर घासलेला असेल तर स्वस्त म्हणून मोहात पडू नका, चोरीचा माल असू शकतो. बाकी तपासणी वरच्याच पट्टीने. शिवाय हँडलखालची आणि सीटखालची वेल्डिंग ओल्या फडक्याने पुसून बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली की सौदा मोडा.

प्रश्न : काटोल रोडच्या शेतवाटांवर दर रविवारी दोन-तीन पंक्चर. बाभळीचा काटा, नाहीतर सराटा. नवी सायकल घेतोय, ट्यूबलेस करावी का? उन्हाळ्यात ते द्रव वाळतं म्हणतात.
– गोरेवाडा

उत्तर : करा, आणि वाळतं हेही खरं आहे. सराट्याचं आणि बाभळीच्या काट्याचं भोक बारीक असतं, त्याला सीलंट, म्हणजे ते द्रव, काही सेकंदांत बुजवतं. काचेच्या चिरेला मात्र प्लग, म्हणजे भोकात कोंबायची रबरी पट्टी, लागतो. घेताना रिमवर आणि टायरवर दोन्हीकडे ट्यूबलेस रेडी लिहिलंय ना, ते बघा. एकीकडेच असेल तर टायरची कड रिममध्ये घट्ट बसत नाही आणि वळणावर हवा सुटते.

रिमची टेप आतल्या रुंदीपेक्षा ४-५ मिलिमीटर रुंद घ्या, ताणून चिकटवा, आतमध्ये एकही सुरकुती नको. हवा जिथून हळूहळू जाते ती जागा बहुधा टेपचीच असते. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावा आणि पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरने एकदम हवा सोडा. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पितळी अ‍ॅडाप्टर खिशात हवा. दोन ‘टक्’ ऐकू आले की दोन्ही कडा बसल्या. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे जाऊ नका. मग हवा काढा, व्हॉल्व्हमधली सुई काढा आणि व्हॉल्व्हमधूनच, २९ बाय २.२५च्या टायरला ९० ते १०० मिली सीलंट घाला, सुई परत बसवा, हवा भरा आणि चाक आडवं धरून सगळीकडे घोळवा.

७० किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे २२-२३, मागे २५-२६ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबच्या सवयीने ४० भरलंत तर पकडही जाते आणि मुरमावर दात हलतात. सीलंट हिवाळ्यात तीनेक महिने टिकतं. एप्रिल ते जूनमध्ये, पारा ४५ला टेकलेला असताना, दर सहा-आठ आठवड्यांनी बघा. चाक कानाशी हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर ४०-५० मिली आणखी घाला. आणि काटा दिसला की तिथल्या तिथे उपटू नका. भोक खाली करून मग काढा, म्हणजे सीलंट त्याच्यावर येतं.

प्रश्न : माझी उंची १५२ सेंमी. प्रत्येक दुकानात ‘मॅडम, लेडीज सायकल घ्या’ म्हणतात. मला एमटीबीच हवी.
– प्रतापनगर

उत्तर : मग एमटीबीच घ्या. फ्रेम एक्सएस किंवा एस, चाक २७.५. या मापात २९ बसवलेली सायकल दाखवली तर नको म्हणा, वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. ब्रेकचं लिव्हर बोटांपासून लांब वाटतं, ते लिव्हरजवळच्या छोट्या स्क्रूने हँडलजवळ आणता येतं. बहुतेक हायड्रॉलिक ब्रेकना ही सोय असते. हे काम दुकानदाराकडून बिल देण्याआधीच करून घ्या.

प्रश्न : नवी घेताना जुनी एक्स्चेंजला द्यावी का?
– नंदनवन

उत्तर : भाव बघा. चालणाऱ्या सायकलचे जर भंगाराचेच पैसे मिळत असतील तर बाजारहाटासाठी ठेवा. दिलीत तरी सीट आणि पॅडल काढून घ्या. सवयीची सीट पुन्हा जमवायला महिने जातात. पॅडल काढायला १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पॅडलला उलट्या चुड्या असतात, तिथेच लोक जोर लावून क्रँक खराब करतात. पाना पॅडलवरून उभा, वरच्या दिशेला धरा. दोन्ही बाजूंना तो पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. जुनं पॅडल नव्या क्रँकला बसवण्याआधी चुड्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा.