मोरीतली चार फुटी मण्यार

'आधी खूप घाबरलो आणि प्रत्यक्षात तसं काहीच नव्हतं, असा अनुभव कुणाला आहे का?' असं तुम्ही विचारलंय. मला आहे. त्याची लांबी जेमतेम दीड फूट होती.

रत्नागिरी जिल्ह्यात आत्याकडे गेलो होतो. जुलै महिना, पाऊस धो धो, वीज गेलेली. रात्री ११च्या सुमारास मोरीत हात धुवायला गेलो तर मोबाइलच्या उजेडात भिंतीकडेला काहीतरी सरकलं. काळपट अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. "मण्यार!" म्हणून ओरडलो, मागे उडी मारली ती बादलीवर, आणि मनगट मुरगळून घेतलं. मग दार ओढलं आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला.

खरी भीती तिथून सुरू झाली. मण्यारीबद्दल मला नको तेवढी माहिती होती. ती रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. हे सगळं खरंच आहे. पण बाकीचं माझं डोकं जोडत गेलं. आत नर-मादी असणार. कौलांतून माजघरात उतरणार. पोरं खाली सतरंजीवर झोपली होती, त्यांना उचलून टेबलावर बसवलं. तालुक्याला जाणारा पूल पाण्याखाली गेला असेल हेही मीच ठरवून टाकलं. आत्या दिवा धरून उभी, आणि दर दोन मिनिटांनी, "अरे, जोडीनंच असतात त्या."

'साप साप म्हणून भुई धोपटणे' ही म्हण काढणाऱ्याच्या मोरीत निदान साप नव्हता. माझ्या मोरीत होता, म्हणून मला माझं घाबरणं अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

शेजाऱ्यांकडून एका सर्पमित्राचा नंबर मिळाला. त्याने पहिलं विचारलं, "केवढा आहे?" मी म्हटलं, चार फूट तरी असेल. "आत्ता कुठे आहे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दार लावल्यापासून मी आत पाहिलंच नव्हतं. "पट्टे मानेपासून आहेत की मागून सुरू होतात?" तेही सांगता येईना. मी साप पाहिला होता दोन सेकंद आणि त्यावर पाऊण तास विचार करत बसलो होतो.

तो आला. पुलावरूनच आला, पूल कोरडा होता. टॉवेल काढला, दार उघडलं, बॅटरी मारली. साप मोरीच्या कोपऱ्यात साबणाच्या डबीमागे अंग चोरून बसला होता. काठीने हळूच बरणीत घेतला आणि म्हणाला, "कवड्या आहे. बिनविषारी. पालींच्या मागे आला असेल."

बरणी समोर ठेवून त्याने फरक दाखवला. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, पुढे पुसट किंवा नाहीतच, मागे ठळक, आणि बऱ्याचदा जोडीजोडीने. म्हणजे आत्याची 'जोडी' अगदीच निराधार नव्हती म्हणायची! लगेच त्याने बजावलं, "पण हे बघून तुम्ही हात घालू नका हां. पुढच्या वेळीही मण्यारच समजा. लांबून नजर ठेवा आणि फोन करा." शिवाय या भागात काळजी घ्यायची तर फुरशाची, म्हणजे त्या लहानशा विषारी सापाची घ्या म्हणाला, ते दगडात, पालापाचोळ्यात दिसतही नाही. फुरशाचा विचार मी रात्रभरात एकदाही केला नव्हता, आणि संध्याकाळीच अनवाणी परसात फिरून आलो होतो.

तेव्हापासून आत्याकडे पोरं मच्छरदाणीत झोपतात, कडा गादीखाली खोचून. परसात जाताना बूट आणि बॅटरी. दोन्ही मिळून दोन मिनिटांचं काम. त्या रात्रीची एकमेव दुखापत म्हणजे माझं मनगट, ते बरं व्हायला मात्र तीन आठवडे लागले.

तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय ते लिहिलेलं नाही. त्या सर्पमित्राचे प्रश्न तेवढे स्वतःला विचारून बघा: केवढं आहे, आत्ता कुठे आहे, आणि शेवटचं नीट कधी पाहिलंत?

आत्याने मात्र बरणीतला कवड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, चांगली चार फुटांची मण्यार!"